‘सगळ्यांना विश्वासात घेऊ’ म्हणजे नक्की काय?

मागच्या अंकात सरकारी कंपन्यांच्या शेअर विक्रीचे दोन प्रकार सांगितले होते. एकात थोडे शेअर बाजारात काढून सरकारच मालक राहतं, दुसऱ्यात मॅनेजमेंटसकट कंपनीच दुसऱ्याच्या हातात जाते. त्यावर जी पत्रं आली त्यात किमतीबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त विचारलंय, म्हणजे कुणाला विचारायचं, कुणाला आधी सांगायचं, कोण अडवणार. त्यातली काही घेतो. पत्रं थोडी छोटी केलीयत, रागावू नका.

प्रश्न : मी एका सरकारी कंपनीत जनसंपर्क विभागात आहे. आमच्याकडे शेअर विक्रीची तयारी सुरू झालीय आणि स्टेकहोल्डर मॅनेजमेंटचा प्लॅन माझ्या गळ्यात पडलाय. मी एक्सेलमध्ये छत्तीस जणांची यादी केली, लाल पिवळा हिरवा रंग दिला, साहेब छान म्हणाले. आता पुढे काय करायचं तेच कळत नाहीये.

आधी एक शब्दाचा घोळ. बऱ्याच सरकारी कागदांत स्टेकहोल्डरचं भाषांतर सरळ ‘भागधारक’ करून टाकतात. भागधारक म्हणजे शेअरहोल्डर, ज्याच्याकडे शेअर आहेत तो. इथे तर ज्यांच्याकडे एकही शेअर नाही तेच जास्त डोकेदुखी देणार असतात. दुसरा शब्द ‘हितसंबंधी’, पण मराठीत ‘हितसंबंध गुंतलेत’ म्हटलं की समोरचा भ्रष्टच वाटतो. म्हणून आपण आपलं स्टेकहोल्डरच म्हणू, म्हणजे या विक्रीत ज्याचं काहीतरी जातं किंवा येतं तो प्रत्येक जण.

आता तुमची यादी. त्यातले रंग काढून टाका, कारण लाल म्हणजे विरोधक आणि हिरवा म्हणजे आपला माणूस असं तुम्ही ठरवलं असणार, आणि विक्री पुढे सरकेल तसे हे रंग रोज बदलतात. त्याऐवजी प्रत्येक नावासमोर दोनच गोष्टी लिहा. या विक्रीत याचं काय जातंय, आणि हा खरोखर काय अडवू शकतो. दुसऱ्या रकान्यात ‘मोर्चा काढेल’ एवढंच लिहू नका. कुठल्या कायद्याने, कुठल्या टेबलावर, किती दिवस अडवू शकतो ते लिहा.

उदाहरण देतो. २००३ मध्ये भारतात हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकायचं सरकारने ठरवलं होतं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या कंपन्या संसदेने कायदा करून ताब्यात घेतल्यात, तर आधी कायदा बदला, नुसत्या सरकारी निर्णयाने विकता येणार नाही. म्हणजे यादीत सगळ्यात वर कोण हवं होतं? संसद. आता तुमची कंपनी नुसती कंपनी कायद्याखाली काढलेली आहे की खास कायद्याने झालीय हे तुम्हाला माहितीय का? नसेल तर यादी बाजूला ठेवा आणि आधी कंपनी सेक्रेटरीकडे जाऊन बसा.

न्यूझीलंडचं बघा, ते मला जास्त शिकवणारं वाटतं. २०१३ मध्ये तिथल्या सरकारला मायटी रिव्हर पॉवर ही वीज कंपनी बाजारात आणायची होती, निम्म्याहून थोडे कमी शेअर विकून. वीज पाण्यावर, आणि नदीच्या पाण्यावर माओरी लोकांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, हक्क आहे की नाही हा वाद जुना. माओरी कौन्सिल कोर्टात गेली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, फेब्रुवारी २०१३ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला, तोपर्यंत विक्रीचं घोडं अडूनच होतं. आता सांगा, शेअरबाजाराच्या माणसाने केलेल्या यादीत नदीच्या पाण्यावर हक्क सांगणारे लोक कितव्या नंबरवर आले असते? खाली कुठेतरी ‘स्थानिक समाज’ अशा एका ओळीत.

मग क्रम. सगळ्यांना एकदम सांगता येत नाही आणि मागेपुढे सांगितलं तर जो मागे राहिला तो दुखावतो. त्यात कंपनीचे थोडे शेअर आधीच बाजारात असतील तर अजून अडचण, कारण भावावर परिणाम करणारी बातमी युनियनच्या लोकांना विश्वासात घेऊन आदल्या दिवशी सांगितली तर ते बेकायदेशीरही ठरू शकतं. यावर एकच मार्ग मला चालताना दिसलाय. निर्णय जाहीर होण्याआधी लोकांशी ‘विकायचं का आणि कशा अटींवर’ हे बोलायचं, त्यात आकडे नसतात त्यामुळे गुपितही नसतं. जाहीर झाल्यावर त्याच तासात कंपनीच्या प्रत्येक ऑफिसात साहेबांनी स्वतः उभं राहून सांगायचं. माणूस वाईट बातमी पचवतो हो, पण ती टीव्हीवर खालच्या पट्टीत वाचायला लागली की ते आयुष्यभर विसरत नाही.

आणि इश्यूचं, म्हणजे शेअर विक्रीचं, प्रॉस्पेक्टस (कंपनीची सगळी माहिती देणारं अधिकृत पुस्तक) दाखल झाल्यावर तोंडाला कुलूप. त्यात जे नाही ते बोलायचं नाही, ‘पुढच्या वर्षी नफा दुप्पट’ वगैरे तर अजिबातच नाही. हे मंत्र्यांनाही सांगावं लागतं आणि ते सांगणं तुमच्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम ठरेल असा माझा अंदाज.

प्रश्न : आमची कंपनी विकणार म्हणतायत. मॅनेजमेंट प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते की कुणाचीही नोकरी जाणार नाही, सगळं आहे तसंच राहील. आम्ही युनियनवाल्यांनी विश्वास ठेवायचा का?

नाही. म्हणजे माणसं खोटं बोलतायत असं मी म्हणत नाहीये. पण जे बोलतायत ते विक्रीनंतर त्या खुर्चीत नसणार, त्यांचा शब्द नवीन मालकाला बांधील नसतो. बांधील असतो तो करार. म्हणून ‘जाणार नाही’ हे कुठे लिहिलंय, कोणत्या कलमात, किती महिन्यांसाठी, आणि मोडलं तर काय, हे विचारा.

एअर इंडियाचं बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांची १८ हजार कोटींची बोली मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये ताबा गेला. त्यात अट होती की पहिलं एक वर्ष कुणाला काढायचं नाही, दुसऱ्या वर्षी कमी करायचे झाले तर आधी व्हीआरएस, म्हणजे पैसे घेऊन स्वेच्छेने निवृत्त व्हायची संधी, द्यायची. बघा, ही अट लिहिलेली होती आणि मोजून होती, ‘कायम’ वगैरे शब्द नाही. काहींना ते कमी वाटलं असेल, पण निदान माणूस हिशोब तरी करू शकतो की माझ्याकडे किती वेळ आहे. पण त्याच वेळी दुसरीकडे काय पेटलं, तर कंपनीच्या कॉलनीतल्या घरांचं. नोकरी राहणार पण घर सोडा अशा नोटिसा आल्या आणि युनियन संपाच्या गोष्टी करायला लागल्या. तर तुमच्या मागण्यांच्या यादीत पगार आणि नोकरी एवढंच नका लिहू. क्वार्टर, रिटायर झालेल्यांचं मेडिकल, सुट्ट्यांचे पैसे, कॅज्युअल आणि कंत्राटी पोरं, हे सगळं लिहा. कंत्राटी लोक तर कुणाच्याच यादीत नसतात, युनियनच्याही नसतात कधीकधी (हे तुम्हाला टोचलं तर टोचू दे).

आता उलट बाजू. २००१ मध्ये बाल्को या सरकारी ॲल्युमिनियम कंपनीचे ५१ टक्के शेअर स्टरलाइट या खासगी कंपनीला साडेपाचशे कोटींच्या आसपास विकले तेव्हा कोरब्याच्या कारखान्यात दोन महिन्यांहून जास्त संप झाला, छत्तीसगडचं राज्य सरकारही कामगारांच्या बाजूने विरोधात उभं राहिलं, आणि डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा धोरणाचा विषय आहे, कर्मचाऱ्यांचं म्हणणं आधी ऐकून घेतलंच पाहिजे असा त्यांना हक्क नाही. विक्री कायम राहिली. म्हणजे कायद्याने सरकार जिंकलं, पण दोन महिने कारखाना बंद, त्याचं नुकसान कुणाच्या डोक्यावर? हक्क नाही म्हणून विचारायचं नाही हा शहाणपणा नव्हे, हे मी मॅनेजमेंटवाल्यांना सांगतोय. आणि तुम्हाला हे सांगतोय की कोर्ट वाचवेल या भरवशावर वाटाघाटीच्या टेबलावरून उठू नका.

फुकट शेअरबद्दलही तुम्ही पत्रात विचारलंय, ते गाजर आहे का म्हणून. थोडंफार आहेच. ब्रिटनमध्ये १९८४ ला ब्रिटिश टेलिकॉम विकताना युनियनचा कडक विरोध होता आणि तरी बहुतेक सगळ्या कर्मचाऱ्यांनी शेअर घेतले. २०१३ मध्ये रॉयल मेल या तिथल्या टपाल कंपनीत तेच, युनियन संपाचं मतदान घेत होती आणि कंपनीचे १० टक्के शेअर दीड लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांना फुकट वाटले, ते नाकारणारे चारशेसुद्धा निघाले नाहीत. यावरून लगेच कुणी म्हणेल की बघा कामगारांचा विरोध खोटाच होता. माझं मत वेगळं आहे. फुकट मिळालेला शेअर कोण नाकारेल, पण तो घेतला म्हणजे पटलं असं होत नाही. रॉयल मेलमध्ये लोकांना खरा धीर कशाने आला असेल तर विक्रीच्या आदल्या वर्षी, २०१२ ला, सरकारने जुन्या पेन्शनचा बोजा स्वतःकडे घेतला त्याने, असं मला वाटतं. खरेदी करणाऱ्यालाही तेच हवं होतं, कारण पेन्शनचा खड्डा असलेली कंपनी कोण घेणार. दोन विरुद्ध टोकाच्या लोकांना एकच गोष्ट हवी असते असं क्वचित घडतं, घडलं की पकडा.

आणि न मिटवलेलं भांडण किती लांबतं तेही ऐका. जपानची सरकारी रेल्वे १९८७ मध्ये तुकडे करून नवीन कंपन्यांत टाकली. १,०४७ माणसं अशी राहिली की ज्यांना नव्या कंपन्यांनी घेतलं नाही आणि शेवटी नोकरीही गेली. त्यांचा वाद मिटला २०१० मध्ये. हिशोब तुम्हीच करा किती वर्षं झाली. त्यातले कितीतरी जण तोवर म्हातारे झाले होते.

प्रश्न : सरकारी इश्यूत लहान गुंतवणूकदारांना डिस्काउंट देतात, कोटा ठेवतात. माझ्यासारख्याला हे चांगलंच आहे. मग स्वस्तात विकलं म्हणून एवढी बोंब कशाला?

तुम्हाला चांगलं आहे, बरोबर. पण तुम्ही टॅक्सही भरता ना? मग स्वस्तात विकणारेही तुम्हीच आणि घेणारेही तुम्हीच. फरक एवढाच की विकताना सगळी जनता आहे आणि घेताना ज्यांच्याकडे डीमॅट आणि पैसे आहेत तेवढेच.

रॉयल मेलचा शेअर ३३० पेन्सला विकला, पहिल्याच दिवशी ४५५ वर बंद झाला. म्हणजे ३८ टक्के वर. बोंब त्याची होतीच, पण खरी आग नंतर लागली. सोळा मोठ्या गुंतवणूकदारांना ‘तुम्ही लांब पल्ल्याचे, स्थिर लोक’ म्हणून झुकतं माप दिलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी काही आठवड्यांतच शेअर विकून नफा खिशात घातला. तिथल्या ऑडिट ऑफिसने २०१४ च्या एप्रिलमध्ये रिपोर्ट काढून त्यावर बोट ठेवलं. मर्चंट बँकर, म्हणजे इश्यूचं काम बघणारे, सांगतात ना की अमुक फंड स्टेबल आहे, त्यांना विचारा की तो थांबणार असं कुठे लिहून दिलंय. न्यूझीलंडवाल्यांनी मात्र मायटी रिव्हरमध्ये लहान लोकांसाठी साधी गोष्ट केली, दोन वर्षं शेअर ठेवले तर २५ मागे १ शेअर बोनस. थांबायला सांगायचं तर थांबायचे पैसे द्या.

महाग विकणं म्हणाल तर त्याचीही किंमत मोजावी लागते. जपानच्या एनटीटी या टेलिफोन कंपनीचे शेअर १९८७ च्या सुरुवातीला जवळपास १२ लाख येनला विकले, दोनेक महिन्यांत भाव ३० लाखांच्या वर, मग त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने शेअरचा पुढचा हप्ता २५ लाख ५० हजारला विकायला काढला. नंतर भाव जो घसरला तो दुसऱ्या हप्त्यातले साधे लोक वर्षानुवर्षं बघत बसले. जर्मनीत डॉइच टेलिकॉमचं २००० मध्ये असंच, ६६.५० युरो भाव लावला आणि दोन वर्षांत दहाच्या खाली. सतरा हजारच्या आसपास लोकांनी केस टाकल्या, एवढ्या केस कोर्टाला झेपेनात म्हणून २००५ मध्ये त्यांना सामूहिक सुनावणीचा वेगळा कायदा करावा लागला. ऑस्ट्रेलियात टेलस्ट्रा या टेलिफोन कंपनीचा दुसरा हप्ता १९९९ ला ७.४० डॉलरला आणि तिसरा २००६ ला ३.६० ला. मधल्या हप्त्यात घेणाऱ्याला तिसऱ्याची जाहिरात दाखवून बघा काय म्हणतो ते.

म्हणून सरकारने पूर्ण किंमत वसूल करायचीच नाही का? करायची, पण थोडं ताटात सोडायचं, आणि किती सोडतोय आणि का सोडतोय हे आधीच उघड सांगायचं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

यात एलआयसीची केस सगळ्यात गुंतागुंतीची. मे २०२२ मध्ये सरकारने साडेतीन टक्के शेअर ९४९ रुपयांनी विकले. पॉलिसीधारकांना १० टक्क्यांपर्यंत कोटा आणि ६० रुपये डिस्काउंट, रिटेल आणि कर्मचाऱ्यांना ४५. पॉलिसीला पॅन जोडा म्हणून महिनोन्‌महिने मेसेज येत होते ते आठवत असेल. लिस्टिंगला, म्हणजे बाजारात व्यवहार सुरू झाले तेव्हा, भाव ८७०च्या आसपास, म्हणजे डिस्काउंट मिळूनही पहिल्या दिवशी तोटाच. पण मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते जिच्याकडे कमी लोकांनी बघितलं. आधी बोनसवाल्या पॉलिसींच्या नफ्यातले ९५ टक्के पॉलिसीधारकांचे आणि ५ टक्के मालकाचे होते. शेअर विक्रीसाठी ते टप्प्याटप्प्याने ९०-१० करायचं ठरलं. म्हणजे एकाच माणसाच्या खिशात पॉलिसी आणि शेअर दोन्ही असतील तर त्याचा एक हात दुसऱ्या हातातलं घेतोय. अशा माणसाला ‘तुमचा फायदा’ म्हणून जाहिरात करताना कुठल्या हाताचा ते सांगायला नको का?

प्रश्न : आमच्या देशात विरोधी पक्ष म्हणतोय की आम्ही सत्तेत आलो की विक्री फिरवू. अशा वेळी त्यांच्याशी बोलायचं की दुर्लक्ष करायचं? (परदेशातून एक वाचक)

दुर्लक्ष करून चालत नाही, कारण तुम्ही दुर्लक्ष केलं तरी शेअर घेणारा करत नाही. परत मायटी रिव्हरच. लिस्टिंग मे २०१३ मध्ये, आणि एप्रिलमध्ये लेबर आणि ग्रीन पक्षांनी जाहीर केलं की आम्ही आलो तर वीज एकाच सरकारी संस्थेने खरेदी करायची आणि दर खाली आणायचे. त्यांनी विक्रीला हातही लावला नाही. ज्या दरावर कंपनीचा नफा उभा आहे त्यालाच हात घातला. शेअरच्या भावाचा २.३५ ते २.८० डॉलरचा पट्टा ठरला होता, २.५० वर विकावं लागलं. आणि डिसेंबरमध्ये लोकांच्या मागणीवरून सार्वमत झालं त्यात ६७ टक्क्यांहून जास्त मतं विक्रीच्या विरोधात. पण सार्वमताचा निकाल सरकारवर बंधनकारक नव्हता, सरकारने पुढेही विक्री केली.

एक गोष्ट मात्र त्या सरकारची मान्य करावी लागेल, ती म्हणजे हा बेत त्यांनी २०११ च्या निवडणुकीच्या आधीच उघड सांगितला होता आणि मग मतं मागितली. लपवून केलं असतं तर सार्वमतानंतर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तुमच्याकडे तसं झालंय का ते बघा. नसेल झालं तर विरोधकांशी बोला, ‘पाठिंबा द्या’ म्हणून नको, ते देणार नाहीत आणि त्यांचं राजकारण आहे ते. फक्त विचारा की तुम्ही आलात तर यातल्या कोणत्या अटी ठेवाल. त्यांनी एखादी जरी ‘ही चालेल’ म्हटली तरी ती घेणाऱ्याच्या दृष्टीने पैशांएवढी मोलाची असते.

प्रश्न : ग्राहकांचं काय? त्यांना कोण विचारतं?

कुणी नाही, एवढंच उत्तर खरं तर पुरे. ग्राहकाची संघटना नसते, झेंडा नसतो, तो बिल वाढल्यावरच जागा होतो. म्हणून त्याच्या वतीने आधीच लिहून ठेवावं लागतं. ब्रिटिश टेलिकॉमच्या वेळी दर वाढवायचे ते महागाईच्या दरातून तीन टक्के वजा करून तेवढेच, असं बंधन घातलं, ऑफटेल नावाचा रेग्युलेटर, म्हणजे दर आणि सेवेवर लक्ष ठेवणारी संस्था, उभा केला आणि खेड्यातली सेवा, सार्वजनिक फोन बूथ यांची जबाबदारी लायसन्समध्येच टाकली. हे सगळं विक्रीच्या आधी. नंतर घालायला गेलं की घेणारा म्हणतो मी या भावात हे घेतलं नव्हतं, आणि त्याचंही चुकत नाही.

प्रश्न : विक्री झाली, लिस्टिंग झालं, मग हे स्टेकहोल्डर प्रकरण संपलं ना?

संपत नाही, उलट एक नवीन माणूस येऊन बसतो, मायनॉरिटी शेअरहोल्डर, म्हणजे थोडेच शेअर असलेला, ताबा नसलेला मालक. कोल इंडियाचे शेअर २०१० मध्ये बाजारात आले. लंडनच्या टीसीआय फंडाकडे एखाद टक्का शेअर होते. २०१२ मध्ये कंपनीने कोळशाचा भाव वाढवला, सरकारच्या दबावाने मागे घेतला, वर वीज कंपन्यांना पुरवठ्याचे करार करा म्हणून राष्ट्रपतींच्या नावाने आदेश निघाला, तर हा एक टक्कावाला कोर्टात गेला. त्याचं म्हणणं एवढंच की तुम्ही शेअर विकलेत म्हणजे ही आता फक्त तुमची कंपनी नाही. सरकारचं म्हणणं की वीज महाग करून चालणार नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. शेवटी फंड शेअर विकून बाहेर पडला.

तुम्ही असे शेअर घेणार असाल तर प्रॉस्पेक्टसमध्ये सगळ्यात आधी रिस्क फॅक्टरचं, म्हणजे धोक्यांचं, प्रकरण उघडा. सरकार इश्यूनंतरही कंपनीवर ताबा ठेवणार आणि कंपनीला निर्देश देऊ शकणार, अशा अर्थाचं वाक्य तिथे असतंच, बहुतेक कुणी वाचत नाही एवढंच.